सॉनातला कोटवाला

"दिसली! मिशी दिसली!" साइमा किंचाळली.

साइमा सत्याऐंशी वर्षांची. चार वर्षं झाली, तिला समोरच्याचं तोंड दिसत नाही. केस दिसतात, कान दिसतात, आणि तोंडाच्या जागी नुसता करडा डाग. ती बाई हॉलच्या मधोमध उभी राहून ब्रदर वर्लिनची मिशी कशी आहे ते सगळ्यांना सांगत होती.

"पिवळट आहे. आणि एका बाजूला जास्त कापलीय!"

हॉलमधली साठ-सत्तर माणसं उभी राहिली. टाळ्या काय, रडणं काय, कोणी "जय प्रभू" म्हणून ओरडतंय काय. आमच्या गावाला हे नवीन होतं. आम्ही सगळे फिनलंडहून इथे अमेरिकेच्या उत्तरेला खाणीत कामाला आलेल्यांची नातवंडं-पतवंडं. आमच्यात घरात मूल जन्मलं तरी माणसं "हं, बरं झालं" म्हणतात आणि कॉफी ओततात. ती माणसं बंद पडलेल्या सहकारी दुकानाच्या हॉलमध्ये रविवारी दुपारी तीन वाजता नाचत होती.

पुढे काळा पडदा. पडद्यापुढे ब्रदर वर्लिन, पांढराशुभ्र सूट. दक्षिणेतल्या कुठल्यातरी राज्यातून आलेला, आवाज मधासारखा.

"माझ्याकडे बघू नका! मी कोण? मी धूळ! माझ्या उजव्या खांद्यावर देवदूत बसलाय, त्याच्याकडे तोंड करा. नुसते डोळे नकोत माई, अख्खी मान वळवा! हां! आता देवदूताकडेच बघत राहा आणि सांगा, या पापी माणसाचं तोंड दिसतंय का?"

"नाही दिसत, ब्रदर," ऐली म्हणाली. ती साइमाची शेजारीण.

"मग तुमचा देवदूत डाव्या खांद्यावर! वळवा मान! नाही? मग डोक्यावर बसलाय, वर बघा!"

"अरे देवा," ऐली म्हणाली आणि रडायला लागली. "ब्रदर, तुम्हाला खळी पडते."

हा देवदूत चिमणीसारखा इकडून तिकडे उड्या मारत होता, हे माझ्या तेव्हाच लक्षात यायला हवं होतं. नाही आलं. खरं सांगतो, माझ्याही अंगावर काटा आला. कारण तिसरी माझी आजी होती.

आमच्याकडे आजीला मुम्मू म्हणतात. माझी मुम्मू लेम्पी, वय चौऱ्याऐंशी. मी तिच्याकडेच राहतो, मागच्या शेडमध्ये बर्फावरच्या गाड्या दुरुस्त करतो. तिने मान वळवली आणि हळूच म्हणाली, "माणूस दिसतोय." एवढंच. पण घरी येताना गाडीत ती गुणगुणत होती. ऑक्टोबरपासून मी तिचं गुणगुणणं ऐकलं नव्हतं.

सगळ्यांनाच काही दिसलं नाही. विल्हो म्हणून एक म्हातारा आहे, त्याला काचबिंदू. त्याने मान सगळीकडे वळवून पाहिली. काही नाही. उलट होतं तेही दिसेना. ब्रदर वर्लिनने त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि सगळ्यांच्या देखत म्हणाला, "दादा, आत कुठेतरी पाप लपलंय. शोधा." विल्होने आयुष्यात एक रविवार चर्च चुकवलेलं नाही. तो घरी गेला आणि तेव्हापासून पाप शोधत बसला.

आणि शेवटी वर्लिन सुईवर आला.

"देवाने दिलेला डोळा! त्यात कोणी सुई खुपसतं? सांगा मला! एका हाताने देवदूताला धरायचं आणि दुसऱ्या हाताने सुईला? असं चालत नाही! सुई घेणारा म्हणजे देवावर विश्वास नसणारा!"

मी मुम्मूकडे पाहिलं. ती मान डोलावत होती.

*

मुम्मूचा डावा डोळा कधीच गेला होता. उजव्यात, डोळ्याच्या आतल्या पडद्यामागच्या बारीक शिरा पाझरायच्या. त्या पाझरू नयेत म्हणून दर महिन्याला डोळ्यात इंजेक्शन. दोन तास गाडी हाणत मी तिला शहरातल्या दवाखान्यात न्यायचो. डोळा आधी बधिर करतात, दुखत फारसं नाही, पण सुई येताना दिसते. परत येताना ती डोळा मिटून बसायची. पण जायची. तो एक डोळा तसा धरून ठेवला होता. त्यावरच तिची चूल, तिचा जिना आणि तिचा सॉना, म्हणजे अंगणातली वाफ घ्यायची खोली, चालायचा.

बाकी सगळं एकेक करून गेलं होतं. आधी गाडीचं लायसन्स. इथे लायसन्स गेलं की माणूस घरात बंद. दुकान नऊ मैलांवर, बस नाही, पाच महिने बर्फ. तिची चावी अजून दाराशी खिळ्यावर लटकतेय, मला काढू देत नाही. मग माग गेला. मुम्मू जुन्या कपड्यांच्या चिंध्या फाडून सतरंज्या विणायची, अख्ख्या गावात तिच्या सतरंज्या. आता मागावर चादर टाकलीय. मग पत्ते गेले, कारण बदाम कुठलं आणि चौकट कुठली ते कळेना आणि विचारायची लाज. दवाखान्यातल्या बाईने तिला तीनदा सांगितलं, आमच्याकडे नजर अधू असणाऱ्यांसाठी वर्ग आहे, या. "मी आंधळ्यांच्या शाळेत जाणार नाही," संपला विषय.

मग ती खिडकीजवळच्या खुर्चीत बसायला लागली. सकाळी बसायची, उठायची दुपारी. "काय करतेस गं?" "काही नाही." कपात बोट बुडवून कॉफी ओतायची, बोट भाजायचं, बोलायची नाही.

त्यामुळे ती गुणगुणली तेव्हा मी गप्प बसलो. तेच माझं चुकलं.

मंगळवारी मी गाडी तापवली, दार उघडलं. "चल मुम्मू."

"मी नाही येत."

"आज सुईचा दिवस आहे."

"म्हणूनच नाही येत."

"अगं तो बाबा आज आहे, उद्या नाही. शिरा पाझरल्या की—"

"डेरेक, मला माणसाचं तोंड दिसलं. चार वर्षांनी. तुझ्या त्या डॉक्टरने दाखवलं का? नाही ना? मग दार लाव, थंडी येतेय."

मी दार लावलं. ती मोठी आहे, घर तिचं, डोळा तिचा. उचलून थोडीच नेणार?

दुसऱ्या महिन्यातही तेच. त्या दिवशी मात्र मी चिडलो. म्हटलं, "मी तुला रविवारी हॉलवर पण नेणार नाही मग."

"नको नेऊस. साइमाचा मुलगा नेईल."

"काय एवढं आहे त्या माणसात?"

तिने समोरच्या खुर्चीकडे बोट केलं. मग म्हणाली, "बस."

मी बसलो.

"कोणाला सांगायचं नाही. शपथ घे."

"घेतली."

"मला माणसं दिसतात."

"दिसू देत की. चांगलंच आहे."

"नसलेली माणसं, गाढवा."

मग तिने सांगितलं. वर्षभर चाललं होतं. आधी भिंतीवर जाळी दिसायची, विटांसारखी. मग शेगडीवर बोटाएवढी मुलं. आणि सॉनात, वरच्या फळीवर, एक माणूस. उंच टोपी, लाल कोट, सोनेरी बटणं. काही बोलत नाही, नुसता बसतो. ती आत गेली की दिसतो, पापण्या मिटल्या-उघडल्या की कधी जातो, कधी नाही.

"म्हणून तू सॉनात जायचं बंद केलंस?"

"परक्या पुरुषापुढे कपडे काढून कशी बसू?"

मला हसू आलं आणि तिचा चेहरा बघून मी ते आवरलं.

"माझी मावशी हिल्या शेगडीशी बोलायची," ती म्हणाली. "अठ्ठावन साली डॉक्टर आला, गोड बोलला, तुला काय काय दिसतं विचारलं. तिने सांगितलं. दुसऱ्या दिवशी गाडी आली. वेड्यांच्या इस्पितळात तेवीस वर्षं होती ती. तिथेच मेली. मी तेव्हा सतरा वर्षांची होते, मीच तिची बॅग भरली."

"आणि वर्लिनला सांगितलंस?"

"त्यालाच सांगितलं. हॉलच्या मागच्या खोलीत. तो म्हणाला, तू वेडी नाहीस लेम्पी, तू निवडलेली आहेस. या गावात फक्त तुला हे दिसतं. तो कोटवाला म्हणजे तुझा रेइनो." रेइनो म्हणजे माझे आजोबा, सहा वर्षांपूर्वी गेले. "आणि म्हणाला, डॉक्टरला कळलं तर ते तुला उचलून नेतील. म्हणून तिकडे जायचं नाही."

आता कळलं? तिच्यासमोर दोनच दारं होती. एका दारावर 'वेडी' लिहिलेलं, दुसऱ्यावर 'निवडलेली'. तुम्ही कुठल्यातून गेला असता?

आणि दोन्ही दारांना बाहेरून कडी घालून तो माणूस उभा होता.

*

तीन आठवड्यांनी दवाखान्यातून डेनीसचा फोन आला. डेनीस म्हणजे ती वर्ग घेणारी बाई.

"लेम्पी लागोपाठ दोनदा आली नाही. बरी आहे ना?"

"ती नको म्हणते."

"कोण नको म्हणतं?"

"देवदूत," मी म्हटलं आणि खांद्यावरच्या देवदूताची सगळी गोष्ट सांगितली. मला वाटलं ती हसेल. ती हसली नाही, चिडली.

"अरे, ते तर मी शिकवते! या आजारात डोळ्याच्या आतल्या पडद्याचा मधला भाग जातो, कडेचा शाबूत राहतो. समोर रोखून बघितलं की डाग दिसतो. मान थोडी वळवली की तेच तोंड चांगल्या भागावर येतं. कोणाचा चांगला भाग डावीकडे, कोणाचा उजवीकडे, कोणाचा वर. शोधावा लागतो. काळा पडदा आहे का मागे?"

"आहे."

"दिवे?"

"दोन मोठे. त्याच्या तोंडावर."

"झालं मग. काळ्यावर पांढरं आणि भरपूर उजेड. माझ्या वर्गाचा पहिला तास चोरलाय त्याने. आणि कोणी काचबिंदूवाला आला असेल तर त्याला काही दिसलं नसेल."

"नाही दिसलं! कसं कळलं?"

"त्याचं उलटं असतं. कडा जातात, मधलं राहतं. त्याला मान वळवायला सांगितली तर होतं तेही जाईल." मग तिने आवाज खाली आणला. "डेरेक, एक विचारते. लेम्पीला नसलेल्या गोष्टी दिसतात का?"

मुम्मू समोरच्या खुर्चीत होती. तिने मान वळवली. आता तिला ते जमायला लागलं होतं. मी तिला दिसत होतो.

"नाही," मी म्हणालो.

डेनीस हुशार. म्हणाली, "बरं. दिसत नाहीत. पण दिसत असत्या तर मी सांगितलं असतं की हे फार जणांना होतं. डोळ्याकडून चित्रं येणं कमी झालं की मेंदू रिकामा बसत नाही, स्वतःच चित्रं काढतो. टोप्या, जुने कपडे, बुटकी माणसं, जाळ्या. आवाज नसतो. अडीचशे वर्षांपूर्वी एका स्विस माणसाने स्वतःच्या आजोबांचं हे लिहून ठेवलंय. याला वेड म्हणत नाहीत. कोणी सांगत नाही, कारण प्रत्येकाला वाटतं आपण एकटेच."

मी फोन ठेवून मुम्मूला सगळं जसंच्या तसं सांगितलं.

"ब्रदर म्हणालाच होता," ती म्हणाली. "गोड बोलून कबूल करून घेतात. हिल्याला असंच विचारलं होतं."

"मुम्मू!"

"तू शपथ घेतलीयस."

तिसऱ्या इंजेक्शनला पाच दिवस होते. मधे एक रविवार. मला उपाय माहीत होता, कारण माहीत होतं, आणि तोंडाला कुलूप.

मी शेडमध्ये गेलो. वेल्डिंगच्या वेळचे दोन साधे पारदर्शक चष्मे होते. एकाच्या दोन्ही काचांवर मधोमध काळ्या टेपच्या गोल चकत्या चिकटवल्या. घातला. भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. घड्याळ नाही. मान वळवून खिडकीकडे तोंड केलं. घड्याळ आलं! अंधुक, पण आलं.

मी तिथेच, शेडमध्ये एकटा, "देवदूत!" म्हणून ओरडलो. मग तो चष्मा घालून स्वयंपाकघरात गेलो आणि कॉफी ओतायचा प्रयत्न केला. बोट भाजलं. नंतर बराच वेळ ओरडावंसं वाटलं नाही.

*

रविवारी हॉल आणखी भरला होता. मागे कॉफीची किटली, वेलदोड्याच्या पावाचे तुकडे. मी मधेच उठलो, चष्मा घातला आणि सरळ पुढे गेलो.

"ब्रदर, मला पण बघू द्या."

"ये बाळा!"

"समोर बघतो. तोंड नाही. आता देवदूताकडे मान वळवतो. आलं तोंड! मिशीसकट!" मी चष्मा काढून सगळ्यांना दाखवला. "ही टेप आहे. माझे डोळे ठणठणीत आहेत. मधे काही नसलं की कडेने दिसतं, एवढंच आहे हे. यात देवदूत नाही. हे दवाखान्यात फुकट शिकवतात!"

मला वाटलं, झालं काम.

वर्लिनने दोन्ही हात वर केले. डोळ्यांत पाणी. कसं आणलं कोण जाणे.

"बघा! बघा माझ्या लेकरांनो! न मानणाऱ्यालासुद्धा दर्शन झालं!"

पुन्हा टाळ्या. साइमाचा मुलगा माझ्या दंडाला धरून म्हणाला, "खाली बस की रे, म्हाताऱ्यांचं सुख बघवत नाही का तुला?" ऐली म्हणाली, "देव टेपमधून दाखवतो, नाहीतर दवाखान्यातून दाखवतो. तुला काय त्रास?" आणि मुम्मू. मुम्मूने तोंड सरळ माझ्याकडे केलं. माझं तोंड बघायचं नसलं की ती आता सरळ समोर बघायची, म्हणजे तिथे नुसता डाग.

मी बसलो. जे एक वाक्य बोलायला हवं होतं ते बोलायची मला परवानगी नव्हती.

वर्लिन तिथेच थांबला असता तर जिंकला होता. पण हाताला जोर आलेला माणूस थांबत नाही.

"या मुलाच्या घरात काय घडतंय ते याला माहीत आहे का?" तो गरजला. "लेम्पी माई! उठा! आज सगळ्यांना सांगूया. तुम्हाला कोण भेटायला येतं?"

मुम्मू उठली नाही. तिने हातातला कप शेजारच्या खुर्चीवर ठेवला. मी तिच्याजवळ जायला निघालो.

"घाबरू नका, मीच सांगतो! हिचा नवरा रेइनो! स्वर्गातून येतो! यांच्या त्या गरम खोलीत, सॉनात, वरच्या फळीवर बसून हिची वाट बघतो! लाल कोट घालून! सोनेरी बटणं लावून! डोक्यावर उंच टोपी! मी आत्ता त्याला बघतोय. तो म्हणतोय, लेम्पी, सुई घेऊ नकोस..."

माणसांनी एकमेकांकडे बघितलं.

मग साइमाचा आवाज. "सॉनात?"

"हो माई, त्याच खोलीत!"

"कोट घालून?"

"स्वर्गाचा कोट!"

"वाफ घेताना?"

वर्लिनला कळेना. तो बिचारा दक्षिणेतला. सॉनात आमच्याकडे अंगावर धागा ठेवत नाहीत, राजा असला तरी नाही, हे त्याला कोणी सांगितलंच नव्हतं. कोण सांगणार? आम्हाला ते सांगायची गोष्ट वाटतच नाही.

"रेइनो?" साइमा म्हणाली. "अहो, तो सॉनातून तसाच उघडा बाहेर येऊन पाद्रीबाबांशी हवापाण्याच्या गप्पा मारत उभा राहिला होता! जानेवारीत! तो कोट घालून बसेल?"

मागे कोणीतरी फिस्कन हसलं. मग ऐली. मग सगळा हॉल. आमची माणसं हसत नाहीत सहसा, पण सुरू झाली की थांबत नाहीत. आणि त्या सगळ्यात मला मुम्मूचा आवाज ऐकू आला.

"एकावन्न वर्षं," ती म्हणाली. ती उभी होती. "एकावन्न वर्षांत तो माणूस मोजासुद्धा घालून आत आला नाही. तो रेइनो नाही. मला आधीच माहीत होतं तो रेइनो नाही. मला फक्त..." ती थांबली. "हो, मला दिसतो. कोटवाला. शेगडीवर पोरंही दिसतात. आता न्या मला कुठे न्यायचं ते."

हसू थांबलं.

मग साइमा खुर्चीला धरून उठली. "लेम्पे, तुझा केवढा आहे?"

"काय केवढा?"

"कोटवाला. केवढा?"

"माणसाएवढा."

"माझा वीतभर. लोण्याच्या डब्यावर बसतो. याने मला सांगितलं तो माझा नवरा, ओट्टो. ओट्टो सव्वासहा फूट होता गं! मी म्हटलं स्वर्गात आटला असेल!"

"तुला पण सांगितलं, फक्त तुलाच दिसतं?" ऐलीने विचारलं. तिचा आवाज चिरकला. "मला म्हणाला, गावात मी एकटीच निवडलेली. माझ्याकडे बायका येतात. फुलांच्या टोप्या घातलेल्या. पलंगाच्या कडेला ओळीने बसतात, एक अक्षर बोलत नाहीत. मी मुलाला सांगितलं नाही. तो मला वृद्धाश्रमात टाकेल म्हणून."

एका खोलीत तीन बायका. लहानपणापासूनच्या मैत्रिणी. वर्षभर एकमेकींच्या शेजारी बसून कॉफी प्यायल्या, आणि तिघींनी एकमेकींपासून टोपीवाले लपवले.

"मला वाटलं मी एकटीच," मुम्मू म्हणाली.

"मलाही."

"मूर्ख आहोत आपण," साइमा म्हणाली आणि तिचा हात चाचपून धरला.

आता माझी शपथ सुटली होती. मी डेनीसने सांगितलेलं सगळं बोललो. धाप लागली, वाक्यं उलटसुलट झाली, पण बोललो. मेंदू चित्रं काढतो. आवाज नाही म्हणजे भूत नाही. हे वेड नाही. आणि सुई बंद केली तर आहे तोही डोळा जाईल, आणि तो कोणी देवदूत परत आणणार नाही.

"सैतान बोलतोय!" वर्लिन ओरडला.

मी चालत भिंतीपाशी गेलो आणि त्याच्या दोन दिव्यांची पिन काढली.

"साइमा, आता बघ. मान वळव. मिशी?"

तिने मान वळवली. डावीकडे, उजवीकडे.

"गेली," ती म्हणाली. मग जरा विचार करून, "अहो ब्रदर, देवदूताला वीज लागते होय?"

कोपऱ्यातून विल्हो उठला. त्याला हॉलचा फक्त नळीतून दिसावा एवढा तुकडा दिसतो. त्याने तो तुकडा बरोबर माझ्यावर आणला. "डेरेक, म्हणजे माझ्यात पाप नाही?"

"काचबिंदू आहे, विल्हो. पाप नाही."

तो खाली बसला आणि ओंजळीत तोंड लपवलं. दोन महिने तो माणूस स्वतःच्या आयुष्यात पाप शोधत होता. अंधारात, एकटा. वर्लिनवर माझा सगळ्यात जास्त राग कशासाठी असेल तर यासाठी.

वर्लिन संध्याकाळच्या आत काळा पडदा गुंडाळून गेला. कोणी मारलं नाही, शिव्या दिल्या नाहीत. ऐलीने त्याला वाटेसाठी पाव बांधून दिला. आम्ही असेच आहोत, याचाही मला कधीकधी राग येतो.

*

मंगळवारी गाडीत चौघं होतो. साइमा, ऐली, मुम्मू आणि मी. दवाखान्यात डॉक्टरने मुम्मूच्या डोळ्यात बघितलं आणि आडपडदा न ठेवता सांगितलं: दोन महिन्यांत जे गेलं ते गेलं. नजर तपासायच्या तक्त्यावरच्या आणखी दोन ओळी. आता सुई घेतली तर उरलेलं बहुधा राहील.

गोष्टीत असं व्हायला नको होतं. पण झालं ते हे.

ती बाहेर आली, बाकावर बसली. "दोन ओळी," म्हणाली. "मीच दिल्या त्याला."

मी तिच्या शेजारी बसलो. खरंच होतं ते, आणि अर्ध्या मीही दिल्या होत्या. ती गुणगुणत होती म्हणून गप्प बसून.

मग डेनीस आली आणि मुम्मू आंधळ्यांच्या शाळेत गेली. तिथे देवदूत नव्हता, घड्याळ होतं. बारावर बघ, तीनवर बघ, सहावर बघ, कुठल्या आकड्याकडे बघितलं की मधली चकती दिसते? मुम्मूचं नऊवर जमलं. घरी आता शेगडीवर दिवा आहे, वाकवता येणारा. कॉफी पांढऱ्या कपात, दूध काळ्या कपात. मागावरची चादर काढलीय. चिंध्या फक्त काळ्या आणि पांढऱ्या, सतरंजी जरा वाकडी येते, आणि ती म्हणते, वाकडीच घ्या. डेनीसने आणखी एक केलं. तिला खुर्चीत बसून राहण्याबद्दल विचारलं. रडू येतं का, सकाळी उठावंसं वाटतं का. नजर जाते तेव्हा मनही खचतं, त्यालाही औषध असतं, बोलायला माणसं असतात. मुम्मू म्हणाली, "मी बरी आहे." मग म्हणाली, "नव्हते."

गाडीची चावी अजून खिळ्यावरच आहे. मुम्मू आता गाडी चालवत कुठे जाणार नाही. घर तेच, बर्फ तोच. पण दर गुरुवारी साइमा आणि ऐली येतात, आणि आधी टोपीवाल्यांची हजेरी होते. तुझे किती आले, माझे किती आले.

आता तुमच्याशी बोलतो. तुमच्याही घरात किंवा शेजारी असं एखादं माणूस असेल. नजर गेलेलं, खुर्चीत बसलेलं, "काही नाही" म्हणणारं. आज त्याच्याजवळ बसा आणि विचारा, तुला नसलेलं काही दिसतं का? हसू नका. घाबरू नका. त्याला देवऋषीकडे नेऊ नका. डोळ्याच्या डॉक्टरकडे न्या. तुम्ही नाही विचारलंत तर कोणीतरी वर्लिन विचारेल, आणि तो उत्तर घेऊन दाराला कडी घालेल. चमत्कार सांगणारा माणूस नेहमी म्हणतो, तू एकटाच. तेवढ्यावरून त्याला ओळखा. खरी गोष्ट सांगणारा म्हणतो, असे पुष्कळ आहेत, चल, तुला भेटवतो.

शनिवारी मी सॉना तापवला. मुम्मू दाराशी गेली, आत डोकावली.

"आहे का?" मी बाहेरून विचारलं.

"आहे. वरच्या फळीवर."

"मग?"

"मग काय," ती टॉवेल खुंटीला लावत म्हणाली. "सरकून बस म्हणते. कोटात उकडेल त्यालाच."